जुन्या संगणकांसाठी लिनक्सचे दार मिटताना

मुक्त संगणकप्रणालींच्या क्षेत्रातील जुन्या आणि प्रतिष्ठित प्रकल्पांपैकी एक असलेल्या डेबियनने ९ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या लिनक्स वितरणाची १३ वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ या नावाने प्रसिद्ध केली. या आवृत्तीसोबतच्या अधिकृत टिपणातील एक नोंद जुने संगणक वापरणाऱ्यांच्या दृष्टीने निर्णायक आहे. केवळ ३२ बिट प्रोसेसर असलेल्या पीसी संगणकांसाठी या आवृत्तीत कर्नल नाही आणि प्रणाली बसवून देणारा इन्स्टॉलरही नाही. अशा संगणकांच्या मालकांनी नव्या आवृत्तीकडे वळू नये, शक्य असल्यास ६४ बिट प्रणाली नव्याने बसवावी, अन्यथा ते यंत्र सेवेतून निवृत्त करावे, असा सल्ला प्रकल्पाने दिला आहे.

हा सल्ला डेबियनकडून यावा, याला विशेष अर्थ आहे. इतरांनी मोडीत काढलेली यंत्रे चालवून दाखवणारी प्रणाली, हीच लिनक्सची सर्वसामान्यांमधील ओळख आहे. त्यातच, या घोषणेनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला, तेव्हा ‘संगणक फेकू नका, त्यावर लिनक्स बसवा’ असे आवाहन जगभरातील मुक्तस्रोत कार्यकर्ते करत होते. एकाच वर्षात आलेले हे दोन संदेश परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ते वेगवेगळ्या पिढ्यांच्या यंत्रांबद्दल आहेत. विंडोज ११ ने नाकारलेले बहुतांश संगणक ६४ बिट प्रोसेसरचे आहेत आणि त्यांच्यावर डेबियन १३ सहज चालते. तरीही, ‘जुना’ या शब्दाची व्याख्या कोण ठरवतो, कशाच्या आधारावर ठरवतो आणि ती ठरल्याचे संबंधितांपर्यंत पोहोचते का, हे प्रश्न या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाले आहेत.

येथे कर्नल आणि वितरण यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि अन्य उपकरणे यांच्याशी थेट व्यवहार करणारा हा भाग लिनस टोरवाल्ड्स यांच्या देखरेखीखाली विकसित होतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही वितरणे तोच सोर्स कोड घेतात, त्यातील कोणते भाग समाविष्ट करायचे आणि किमान कोणता प्रोसेसर गृहीत धरायचा हे ठरवतात आणि वापरण्यास सिद्ध असे कर्नल ग्राहकाच्या हाती देतात. त्यामुळे मूळ कर्नलमध्ये एखाद्या यंत्रासाठीची तरतूद कायम असूनही वितरणाने दिलेल्या तयार कर्नलमध्ये ती नसते, असे वारंवार घडते. ३२ बिट पीसीसाठीचा सोर्स कोड ट्रिक्सीच्या प्रकाशनाच्या वेळीही लिनक्समध्ये होताच. तो घेऊन स्वतःचे कर्नल बनवण्याची मुभा परवान्यानुसार प्रत्येकाला आहे. परंतु शाळेच्या संगणककक्षात बसलेल्या शिक्षकाला किंवा छोट्या दुकानदाराला या मुभेचा उपयोग किती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्याच्यापुरता लिनक्स म्हणजे वितरणाने दिलेले कर्नल.

मूळ कर्नलमधूनही जुने प्रोसेसर वगळले जातात, मात्र तेथील गती फार संथ असते. टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या इंटेल ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला आरंभ केला, त्याच प्रोसेसरचा आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. त्यानंतरच्या ४८६ ला वगळण्याचे प्रस्ताव इंगो मोलनार यांनी २०२५ मध्ये मांडले. ४८६ बाजारात आला तो १९८९ मध्ये. वितरणे मात्र इतका संयम दाखवत नाहीत, आणि ही तफावत समजून घेण्यासाठी उबुंटूचे उदाहरण उद्बोधक ठरते.

३२ बिट प्रोसेसरला सामान्यतः ४ गिगाबाइटपर्यंतची स्मृती हाताळता येते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रो प्रोसेसरसोबत पीएई नावाची सुविधा आणली. स्मृतीचा विशिष्ट भाग केवळ माहितीसाठी राखून तेथून घातक आज्ञा चालवल्या जाऊ नयेत, हे सुरक्षातंत्रही ३२ बिट कर्नलला पीएईविना वापरता येत नाही. साहजिकच पीएई असलेले आणि नसलेले अशी दोन कर्नले सांभाळण्यापेक्षा एकच सांभाळावे, असा विचार उबुंटूमध्ये झाला. एप्रिल २०१२ मधील १२.०४ या आवृत्तीत मुख्य उबुंटूचे ३२ बिट कर्नल पीएईचे झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील १२.१० मध्ये पीएईविना चालणारे कर्नल पूर्णतः वगळण्यात आले.

या निर्णयाचा फटका बसला तो २००३ मध्ये आलेल्या ‘बॅनियस’ पिढीच्या पेंटियम एम प्रोसेसरांना. आयबीएमच्या थिंकपॅड टी-४० सारख्या, त्या काळात उंची समजल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे प्रोसेसर होते. निर्णय झाला तेव्हा त्यांचे वय जेमतेम नऊ वर्षे होते. इन्स्टॉलर सुरू करताच ‘या प्रोसेसरमध्ये पीएई नाही’ असे सांगून प्रणाली थांबत असे. पुढे जे उघड झाले ते अधिक रंजक आहे. या प्रोसेसरांमध्ये पीएईची क्षमता होती, फक्त प्रोसेसर तसे जाहीर करत नव्हता. त्याने जाहीर केलेल्या गुणांच्या यादीत पीएईचा उल्लेख नव्हता आणि कर्नल त्या यादीवर विश्वास ठेवत होते. ही तपासणी बाजूला सारून प्रणाली चालवण्याची क्लृप्ती उत्साही वापरकर्त्यांनी शोधली आणि अखेर २०१४ मधील १४.०४ या आवृत्तीत ‘फोर्सपीएई’ नावाचा अधिकृत पर्याय देण्यात आला. मधल्या दीड-दोन वर्षांत कितीजणांनी आपले चालते यंत्र केवळ त्या एका संदेशामुळे अडगळीत टाकले असेल, याची कोठेही नोंद नाही. कागदपत्रात नाव नाही म्हणून हक्क नाकारला जाण्याचा अनुभव आपल्याकडे सरकारी खिडकीवर येतो. येथे तो प्रोसेसरच्या वाट्याला आला!

उबुंटूने दार लावले त्या काळात डेबियनने मात्र आपले दार उघडे ठेवले. पीएई नसलेल्या यंत्रांसाठीचे वेगळे कर्नल डेबियनने थेट जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपर्यंत पुरवले. तरीही डेबियनची किमान पातळी टप्प्याटप्प्याने वर सरकतच होती. २०१७ मधील ९ व्या आवृत्तीत मूळ पेंटियमच्या पिढीतील प्रोसेसर वगळण्यात आले, मात्र एएमडीच्या ‘जिओड’ या कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरला अपवाद म्हणून अभय मिळाले. १२ व्या आवृत्तीत हा अपवादही संपुष्टात आला. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये हाच जिओड प्रोसेसर होता. त्या उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातील खैराट या लहानशा गावातील शाळेत झाला होता. त्या लॅपटॉपवर फेडोरावर आधारित स्वतंत्र प्रणाली होती, त्यामुळे डेबियनच्या निर्णयाचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. परंतु अल्प किमतीच्या यंत्रांसाठी निवडलेला प्रोसेसर सर्वप्रथम पाठिंब्याबाहेर जातो, हे त्यातून दिसून येते. स्वस्त यंत्र बाजारात येते तेव्हाच ते एक-दोन पिढ्या मागे असते. २००८ नंतर भारतातही विकल्या गेलेल्या नेटबुकांमधील इंटेल ॲटम एन-२७० हा प्रोसेसर याचे ठळक उदाहरण आहे. एएमडीने ६४ बिट प्रोसेसर २००३ मध्येच बाजारात आणले होते, तरी पाच वर्षांनंतर आलेला हा ॲटम ३२ बिटच होता. म्हणजे ट्रिक्सीने वगळलेल्या यंत्रांत केवळ वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पेंटियम नाहीत, त्यांच्यापेक्षा बरीच अलीकडची पण स्वस्त यंत्रेही आहेत.

वितरणांची बाजू दुर्लक्षिण्याजोगी मुळीच नाही. एखाद्या यंत्राला ‘पाठिंबा आहे’ असे म्हणणे म्हणजे प्रत्येक नवे कर्नल त्या यंत्रावर तपासणे, बिघाड आढळल्यास तो दुरुस्त करणे आणि सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यास वेळेत उपाय पुरवणे. हे काम कोणीतरी करावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांमधील ‘मेल्टडाउन’ ही गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ६४ बिट लिनक्ससाठीचा बचाव त्याच महिन्यातील ४.१५ या कर्नलमध्ये आला. ३२ बिट कर्नलसाठी तोच बचाव येण्यास ऑक्टोबर २०१८ मधील ४.१९ ही आवृत्ती उजाडावी लागली. मधले नऊ महिने ३२ बिट प्रणालीचे वापरकर्ते ‘पाठिंबा असलेल्या’ प्रणालीवर असूनही उघड्यावर होते. (योगायोग असा, की ॲटम एन-२७० च्या साध्या रचनेमुळे त्याला ही त्रुटी मुळातच बाधत नव्हती.) नावापुरता पाठिंबा देण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा, हा वितरणांचा युक्तिवाद येथे पटण्यासारखा आहे.

फेडोराने घेतलेला अनुभवही याच स्वरूपाचा. ३२ बिट कर्नलमधील बिघाडांकडे लक्ष देणे कर्नल सांभाळणाऱ्या चमूला शक्य होईना, तेव्हा २०१७ च्या सुमारास इच्छुकांचा एक स्वतंत्र गट स्थापन करण्यात आला. गट स्थापन झाला, काम मात्र झाले नाही. अखेर ऑक्टोबर २०१९ मधील ३१ व्या आवृत्तीपासून फेडोराने ३२ बिट कर्नल बनवणे थांबवले. ज्यांना गरज आहे तेच पुढे येत नसतील तर गरज नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो समजण्यासारखा असला तरी न्याय्य म्हणता येणार नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक आजही वापरणारी व्यक्ती बहुधा तो नाइलाजाने वापरत असते. कर्नलमधील दोष शोधण्याचे कौशल्य, इंग्रजीतून त्याची तक्रार मांडण्याची सवय आणि त्यासाठी लागणारा मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी तिच्यापाशी असण्याची शक्यता कमीच. ज्याच्यापाशी या गोष्टी आहेत, त्याच्या टेबलावर नवा संगणक असतो. मोजणीतही हेच होते. कोणती पॅकेजे किती संगणकांवर आहेत याचा अंदाज घेण्यासाठी डेबियनची एक स्वेच्छा योजना आहे, परंतु वापरकर्त्याने आपणहून संमती दिल्याशिवाय ती सुरू होत नाही आणि इंटरनेटशी न जोडलेल्या यंत्राची गणना तीत होऊच शकत नाही.

प्रभावी गटाचा आवाज कसा ऐकला जातो, हे याच्या नेमके उलट उदाहरणातून दिसते. जून २०१९ मध्ये कॅनॉनिकल या कंपनीने उबुंटूमधून ३२ बिट पॅकेजे पूर्णपणे काढण्याचे जाहीर केले. संगणकीय खेळांचे ‘स्टीम’ हे दालन चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तत्काळ आक्षेप घेतला, आणि काही दिवसांतच निवडक पॅकेजे कायम ठेवण्याची घोषणा झाली. २०२५ मध्ये फेडोरातील तशाच प्रस्तावालाही खेळाडूंच्या विरोधामुळे माघार घ्यावी लागली. डेबियन १३ मध्येही ३२ बिट पॅकेजे शिल्लक आहेत, पण ती ६४ बिट यंत्रावर जुने सॉफ्टवेअर चालवण्यापुरतीच. म्हणजे ३२ बिट सॉफ्टवेअर टिकले, त्याचे मूळ यंत्र गेले.

यानंतर प्रश्न उरतो तो मुदतीचा. डेबियन १२ साठीची दीर्घकालीन सुरक्षा-देखभाल जून २०२८ पर्यंत नियोजित आहे. त्यामुळे ३२ बिट यंत्राला अद्याप अवकाश आहे, असे वरवर पाहता वाटते. पण संगणकाचे आयुष्य कर्नलवर एकट्यावर ठरत नाही. गुगलने ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम ब्राउझर देणे मार्च २०१६ मध्येच थांबवले. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०२५ मधील १४५ व्या आवृत्तीपासून तेच केले. ब्राउझर गेला की बँक, वीजबिल आणि शासकीय अर्ज यांसाठी तो संगणक निरुपयोगी होतो, मग कर्नल कितीही सुरक्षित असो. त्यापलीकडे १९ जानेवारी २०३८ ही तारीख आहे. त्या दिवशी ३२ बिटांत साठवलेली वेळ आपल्या कमाल मर्यादेला पोहोचेल. हे संकट टाळण्यासाठी डेबियनने १३ व्या आवृत्तीत वेळ ६४ बिटांत नोंदवण्याचे मोठे काम पार पाडले, परंतु ३२ बिट पीसीच्या पॅकेजांना त्यातून हेतुपुरस्सर वगळले, कारण जुने सॉफ्टवेअर जसेच्या तसे चालणे हाच त्यांचा उर्वरित उपयोग मानला गेला आहे.

भारताच्या दृष्टीने या घडामोडींचे महत्त्व वितरणांच्या वंशावळीत आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने विकसित केलेली, भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. केरळमधील शाळांसाठीची प्रणाली उबुंटूवर आधारित आहे, आणि उबुंटूची पॅकेजेही मुख्यतः डेबियनमधून येतात. वर काही स्वयंसेवकांनी घेतलेला निर्णय अशा रीतीने खाली झिरपत जातो. ऑक्टोबर २०२५ मधील लिनक्स मिंटची डेबियन आवृत्ती आणि त्यापाठोपाठ आलेले एमएक्स लिनक्स २५, दोन्हींनी ३२ बिट यंत्रांना वगळले. त्यांतील कोणालाही त्यासाठी वेगळी चर्चा करावी लागली नाही. पायाच उरला नव्हता.

दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या वापरलेल्या संगणकांना याची झळ बसेल का? मोठ्या प्रमाणावर तसे संभवत नाही. इंटेलचा कोअर २ ड्युओ हा ६४ बिट प्रोसेसर २००६ पासून बाजारात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुन्या उपकरणांचे नूतनीकरण करणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेण्यात आले आहे. या व्यवसायातून येणारी यंत्रे प्रामुख्याने कार्यालयांतून निघालेली आणि ६४ बिटच असणार. शिवाय पूर्ण भाराखाली शंभर वॅटच्या घरात वीज घेणारा पेंटियम ४ चालवत राहण्यात काटकसर आहे, असे म्हणणेही अवघडच. खरी अडचण आहे ती यंत्राला जोडलेल्या यंत्रांची. प्रयोगशाळेतील मापन उपकरण किंवा कारखान्यातील कापणीयंत्र यांचे कार्ड ज्या जुन्या संगणकात बसवलेले असते, तो संगणक बदलणे म्हणजे अनेकदा ते मूळ उपकरण बदलण्यासारखे असते. असे संगणक इंटरनेटपासून तोडून, आहे त्या प्रणालीवर चालू ठेवणे एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो. ज्यांना नवी प्रणालीच हवी आहे त्यांच्यासाठी अल्पाइन लिनक्स किंवा लिनक्सच्या कुळाबाहेरील नेटबीएसडी यांसारखे पर्याय आहेत, मात्र त्यांना संगणकाचा जाणकार हाताशी लागतो.

निर्णय घेण्यापूर्वी एक तपासणी मात्र प्रत्येकाने करावी. अनेक संगणकांचा प्रोसेसर ६४ बिट असूनही स्मृती कमी म्हणून किंवा केवळ सवयीने त्यावर ३२ बिट प्रणाली बसवलेली असते. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यास प्रोसेसर ३२ बिट पद्धतीनेच चालतो की दोन्ही पद्धतींनी, हे पहिल्या काही ओळींतच दिसते. दोन्ही पद्धतींचा उल्लेख असेल तर यंत्र बाद करण्याचे कारण नाही. आपल्या फायली अन्यत्र सुरक्षित ठेवून ६४ बिट डेबियन नव्याने बसवता येते. प्रणाली न काढता जागच्या जागी ३२ वरून ६४ बिटवर जाण्याचा मार्गही आहे, पण तो जोखमीचा असल्याचा इशारा खुद्द डेबियनने दिला आहे.

दरम्यान, रेषा ६४ बिट यंत्रांच्या प्रदेशातही सरकू लागली आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला तिसऱ्या पातळीचा ६४ बिट प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत याचा अर्थ २०१३ मधील ‘हॅसवेल’ पिढी किंवा त्यानंतरची. त्यातही स्वस्त गटातील सेलेरॉन आणि पेंटियम नावाच्या अनेक प्रोसेसरांमध्ये, ते हॅसवेलनंतर येऊनही, या पातळीसाठी आवश्यक असलेल्या आज्ञा नाहीत. नव्या यंत्रांनाही अभय नाही. ऑक्टोबर २०२५ मधील उबुंटू २५.१० ने रिस्क-फाइव्ह या नवोदित प्रोसेसरकुळासाठी किमान पातळी इतकी वर नेली, की तोवर विकले गेलेले त्या प्रकारचे जवळपास सर्व संगणक एका आवृत्तीत बाहेर पडले.

मात्र याच उबुंटू २५.१० ने इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांसाठी वेगळी वाट निवडली. तिसऱ्या पातळीसाठी बनवलेली पॅकेजे ऐच्छिक म्हणून स्वतंत्रपणे उपलब्ध करण्यात आली आणि मूळ पॅकेजे जुन्या ६४ बिट यंत्रांसाठी तशीच ठेवण्यात आली. रेड हॅटचाच सोर्स कोड आधाराला घेणाऱ्या अल्मालिनक्सनेही आपल्या १० व्या आवृत्तीसोबत दुसऱ्या पातळीच्या प्रोसेसरांसाठी वेगळा संच तयार करून दिला. रेड हॅटने वगळलेल्या सर्व्हरांना त्यामुळे आश्रय मिळाला आहे. दोन संच बांधण्याचा आणि तपासण्याचा खर्च या दोन्ही ठिकाणी उचलला जात आहे. ३२ बिट कर्नलसाठी तो उचलणारे कोणी डेबियनला मिळाले नाही.